पूर्वपक्ष : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

(रत्नागिरीत एकतीस वर्षं तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : बाई, मी दापोलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वादविवाद स्पर्धेत विषय होता, ‘इच्छामरणाचा हक्क असावा’. चिठ्ठीत मला विरोधाची बाजू आली. माझे आजोबा चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. शेवटी शेवटी ‘मला सोडा रे’ एवढंच म्हणायचे. मी मनापासून हक्काच्या बाजूचा. तरी विरोधात बोललो आणि दुसरं बक्षीस मिळालं. ढाल घरी आणली, पण आजीसमोर काढवेना. जे पटत नाही ते दुसऱ्यांना पटवणं म्हणजे खोटं बोलणंच ना?
– एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : ढाल आजीला दाखव. भाषणात काय बोललास तेही तिला सांग.

खोटं बोलणं म्हणजे ऐकणाऱ्याला फसवणं. बाजू चिठ्ठीनं ठरते हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा तू कुणालाच फसवलेलं नाहीस. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं, तुझी बोच वेगळीच आहे. विरोधात बोलता बोलता एखादा मुद्दा तुला खरोखर पटला असणार. तो पटला म्हणजे आपण आजोबांशी बेइमान झालो, असं काहीतरी तुला खातंय.

आपल्याकडे शास्त्रकार आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि मगच आपला सिद्धान्त. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं पाडत सुटायचं ती वितंडा, आपला ‘वितंडवाद’ तिथलाच. तू स्पर्धेत केलास तो जल्प, आणि ढाल जल्पालाच मिळते. आता त्याच मुद्द्यांवर घरी बसून वाद कर, स्वतःशी.

त्यासाठी अरुणा शानबाग यांचं प्रकरण नीट वाच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि पुढची एक्केचाळीस वर्षं त्या तिथेच, जवळजवळ भान नसलेल्या अवस्थेत पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की आता त्यांना सुखानं जाऊ द्या. विरोध कुणी केला? त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी. वर्षानुवर्षं त्यांनी अरुणाताईंना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तुझ्या आजोबांच्या पाठीचं तू लिहिलंस म्हणून हे मुद्दाम सांगते. न्यायालयाने ७ मार्च २०११ ला याचिका फेटाळली. पण काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील अशी वाटही त्याच निकालाने काढली. अरुणाताई १८ मे २०१५ ला गेल्या. या प्रकरणात दोन्हीकडे माया होती. एकीकडे माया आणि दुसरीकडे निर्दयपणा, अशी वाटणी तुला त्यात कुठेच करता येणार नाही.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शुद्धीत असताना ‘मला यंत्रावर ठेवू नका’ असं लिहून ठेवायची सोय झाली. २०२३ मध्ये ती आणखी सोपी केली. कागद आता नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. इंजेक्शन देऊन जीव घेण्याला मात्र आजही परवानगी नाही. आणि उपचार थांबवायचे झाले तरी डॉक्टरांच्या एका मंडळाने ठरवून चालत नाही, दुसऱ्या मंडळाने ते तपासावं लागतं. ही दुहेरी तपासणी कुठून आली? विरोधकांच्या भीतीतून. म्हातारा माणूस ‘मला सोडा’ म्हणतो तेव्हा ते दुखण्याने म्हणतो, की कलमांची बाग औषधपाण्यात जाईल या धास्तीने, हे कोण ओळखणार, असं कुणीतरी ठासून विचारलं म्हणून ती आली. तू विरोधात बोललास तेव्हा अशाच कुणा म्हाताऱ्याच्या वतीने बोललास. तुझ्या आजोबांचं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही. मी स्वतः हक्काच्या बाजूची आहे, माझा कागद करून कपाटात ठेवलाय, तरी ती दुसरी तपासणी मला हवी आहे.

ही सवय मला कशी लागली ते सांगते. पूर्णगडच्या खाडीजवळ आमचं घर. शेजाऱ्यांच्या आणि आमच्या हद्दीवर जांभ्याचा गडगा, आणि गडग्याला लागून पायरीचं झाड. एका पावसात गडगा ढासळला, आजोबांनी तो पुन्हा रचला, आणि तेव्हापासून शेजाऱ्यांचं म्हणणं की तो दीड हात त्यांच्या आवारात आलाय. आमच्याकडे जेवताना रोज तोच विषय. मी तेरा वर्षांची होते. एक दिवस मी ताटावर शेजाऱ्यांबद्दल काहीबाही बोलले. माझे वडील, तात्या, म्हणाले, ‘उद्या शाळेतनं आलीस की वहीत त्यांची बाजू लिहून काढ. शेजारच्या आबांना नेऊन वाचून दाखव. ते हो म्हणाले तर आपली बाजू बोलायची.’

मी पानभर लिहिलं. मला वाटलं फार प्रामाणिकपणे लिहिलंय. आबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी हात धोतराला पुसले, वही कंदिलाजवळ धरली, सावकाश वाचली. मग माझी पेन्सिल मागितली आणि एक शब्द खोडला. मी लिहिलं होतं, ‘तुमच्या लोकांनी आमची जमीन चोरली.’ त्यांनी ‘चोरली’ खोडून वर ‘सरकली’ लिहिलं. म्हणाले, ‘चोरली असं आम्ही कधीच म्हटलं नाही हो. तुझ्या आजोबांनी अंधारात, पावसात रचलान तो. दिसलं नसेल.’

आमच्या घरात दोन वर्षं सगळे धरून चालले होते की आबा आम्हाला चोर म्हणतात. दावा पुढे चाललाच, आणि आम्ही हरलो. पण तो खोडलेला शब्द मला अजून दिसतो.

तर तुझ्या भाषणातला जो मुद्दा तुला टोचतोय तो कागदावर लिही. शेजारी आजोबांची बाजू लिही, त्यांनी वाचली असती तर त्यांना कुठलाही शब्द खोडावा लागला नसता अशी. मग मला पाठव.

प्रश्न : बाई, आम्ही मालवण तालुक्यातले. माझे दीर रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांत. माझा मुलगा पर्ससीनच्या मोठ्या जाळ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. नारळी पौर्णिमेला दोघं माझ्या घरी जेवायला बसले आणि शब्दाला शब्द लागला. दीर म्हणाले, ‘तुझ्या झिलान आमच्या पोटार पाय दिल्यान.’ मुलगा म्हणाला, ‘रापणीक आता मासो गावता खंय? मी घरात बसू? दर्यो कोणाच्या बापाशीचो नाय.’ दीर ताटावरून उठले. मला दोघांचंही पटतं. कोण बरोबर?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, तुम्हाला दोघांचं पटतं याचा अर्थ तुम्ही दोघांचं ऐकलंत. ते मोलाचं आहे, म्हणून आधी तेच पुढे नेते.

माझं आजोळ आचऱ्याच्या बाजूला. लहानपणी मी रापण ओढलेली आहे. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ टाकत जाते आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावर येतात. मग ओढायला सगळा वाडा. टाचा वाळूत रुतवायच्या, मागे मागे जायचं, आणि दोराने तळहाताची सालं निघायची. मासळी वर आली की वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. पण मला आठवते ती एक म्हातारी. ती अगदी शेवटी यायची आणि दोराला नुसता हात लावायची. तिच्या टोपलीत ओंजळभर तारली पडायचीच. कुणी विचारायचं नाही. मला पाच बांगडे मिळाले होते, ते मी ओच्यात घालून धावत घरी नेले आणि आजीने फ्रॉकच्या वासावरून रागे भरलं. तुमचे दीर ‘पोट’ म्हणतात तेव्हा त्यात त्या म्हातारीची टोपलीही येते. पर्ससीन म्हणजे आख्ख्या थव्याला जाळ्याचा वेढा घालून तळाची दोरी बटव्यासारखी आवळायची. थव्यातलं पिल्लूही सुटत नाही. खोल पाण्यातला थवा तिथेच उचलला गेला तर किनाऱ्याला काय लागणार?

आता तुमच्या मुलाची बाजू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बोट त्याची नसणार, तो तांडेल आहे. बोटीवर कर्ज, डिझेल, बर्फ, खलाशांचे पगार. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन उभं राहिलं की नेपाळचे खलाशी जाळी विणताना दिसतात. त्यांच्या घरची चूलही त्याच बोटीवर. बोटींना इंजिनं बसवा, खोल पाण्यात जा, असं मच्छीमाराला सांगणारं सरकारच होतं, त्यासाठी अनुदानंही दिली. आणि आपण नाही धरला तर परराज्यातले ट्रॉलर येऊन धरतात, हेही खोटं नाही. त्याने घरी बसून थवा किनाऱ्याला येणार असता तर गोष्ट वेगळी.

‘दर्यो कोणाच्या बापाशीचो नाय’ हे वाक्य मात्र मला थांबवतं. यातलाच धोका १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कुरणाच्या उदाहरणाने मांडला. कुरण सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकजण आणखी एक जनावर सोडतो. फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान सगळ्यांत वाटलं जातं, आणि शेवटी कुरण उजाड. त्याचं म्हणणं, यावर दोनच उपाय, सरकारी दांडा किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची जंगलं, पाटबंधारे आणि मासेमारीची गावं पाहून दाखवलं की तिसरी वाटही आहे. वापरणारे लोक आपले नियम आपण ठरवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, आणि कुरण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रापणीकडे बघताना मला तेच दिसतं. दर्या कुणाच्या बापाचा नाही हे दोघांनाही मान्य आहे. तुमचा मुलगा त्यातून ‘म्हणून मी घेतो’ असं काढतो आणि दीर ‘म्हणून विचारून घे’ असं काढतात.

कायदाही आता दिरांकडे झुकलाय. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर महिन्यांची आणि परवान्यांची मर्यादा आली, आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ पासून बंदी आहे. दिव्यांच्या बाबतीत मला दुसरी बाजूच मांडता येत नाही, मी प्रयत्न केला. पर्ससीनच्या बाबतीत येते, आणि तरीही माझा कौल दिरांना आहे, कारण पिल्लं गेली की पुढच्या वर्षी तुमच्या मुलाच्या बोटीलाही काही उरणार नाही.

पण दिरांचं एक चुकतंय आणि ते त्यांना सांगायला हवं. बोटमालकावरचा राग ते तांडेलावर काढताहेत. मालक जेवायला त्यांच्या समोर नसतो, पुतण्या असतो. त्या दिवशी पानावरून उठले ते पुतण्याच्या पानावरून. तुम्ही मोठ्या भावजय, हे तुम्हीच बोलू शकता. आणि मुलाला एवढंच विचारा, बोटीवर दिवे असतात का? त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरी बोट बघ म्हणावं.

प्रश्न : तुमचं सदर वाचून आमच्या गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणाले, ‘बघा, प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात. आम्ही एका घराला वाळीत टाकलं त्यालाही बाजू आहे.’ आता काय म्हणायचं?
– एक वाचक, महाड परिसर

उत्तर : बाजू आहे, ती त्यांनी मांडावी, मी ऐकेन. आणि ऐकून झाल्यावर ती चूक आहे असंच म्हणेन. दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणजे दोघींना सारखंच वजन द्यायचं, असं मी कधी लिहिलं नाही. तराजूत दोन्ही पारडी भरायची ती काटा कुठे जातो ते बघायला.

तुम्ही महाडचे, तर तुमच्या दारातलंच उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. विरोधकांनी न्यायालयात दावा लावला. त्यांचा पूर्वपक्ष होता : तळं खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी पूर्वापार आहे. हा पक्ष ऐकला गेला, जवळजवळ दहा वर्षं ऐकला गेला, कागद तपासले, साक्षी झाल्या. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो टिकत नाही असं ठरवलं. बाबासाहेबांच्या बाजूने ही सगळी वर्षं उत्तर दिलं गेलं, मुद्द्याला मुद्दा. मला त्या पाण्याइतकाच त्या दहा वर्षांच्या उत्तरांचाही अभिमान वाटतो.

वाळीत टाकणं याच्या नेमकं उलट आहे. ज्या घराला टाकलं त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला कार्याला बोलवायचं नाही, त्याच्या मयताला जायचं नाही. म्हणजे समोरच्याची बाजू ऐकूच येणार नाही अशी व्यवस्था. जी माणसं दुसऱ्याची बाजूच बंद करतात त्यांनी माझ्या सदराचा आधार घेऊ नये. सामाजिक बहिष्कार हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, २०१६ चा कायदा २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. त्या घरातल्या माणसांना ही तारीख सांगा. आणि त्याआधी त्यांच्याकडे चहा प्यायला जा, उजेडी, सगळ्यांना दिसेल असे.

प्रश्न : बाई, पत्र लिहिताना हात थरथरतोय. माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. धाकटे दीर मुंबईत जानेवारीत अचानक गेले. सासूबाईंचं हृदय कमजोर, डॉक्टर म्हणाले धक्का सोसणार नाही. तेव्हा घरात ठरलं की सांगायचं नाही. दीर आखातात नोकरीला गेले, तिथून फोन लागत नाही, असं सांगितलंय. मे महिन्यात जाऊबाई मुलाला घेऊन आली तेव्हा मंगळसूत्र घालून आली. सासूबाईंनी तिच्या हाताला धरून ‘तो कधी येतो गो’ म्हणून विचारलं. रात्री जाऊबाई विहिरीवर जाऊन रडली. आता गणपती जवळ आलेत. सासूबाईंनी दिरांसाठी सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, डबा बांधून ठेवलाय, गणपती विसर्जन झाल्यावर न्यायला. माझे यजमान म्हणतात, ‘आईला मारायचंय का तुला?’ मी काय करू?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी चार दिवस जवळ ठेवलं.

तुमच्या यजमानांची बाजू आधी, कारण ती भावाच्या दुःखातून आलेली आहे. महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नेहमी खरं बोलणारा. लुटारूंच्या भीतीने काही माणसं पळून रानात लपली. लुटारूंनी कौशिकाला विचारलं, त्याने खरी वाट दाखवली, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. खऱ्यापायी जीव जाणार असेल तर ते खरं धर्म नव्हे. लोकमान्यांनी गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात असेच पेच घेऊन या प्रश्नाचा खल केलाय. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली याच्या बरोब्बर उलट लिहिलं : खुनी दारात येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारत असला तरी खोटं बोलायचा तुला हक्क नाही. मी वर्गात हे शिकवताना कांटची बाजू जीव तोडून मांडायची, पण मला ती कधीच पटली नाही. यजमान कौशिकाच्या गोष्टीच्या बाजूने उभे आहेत आणि जानेवारीत ते बरोबर होते. पहिल्या आठवड्यात, डॉक्टर तसं म्हणत असताना, मीही गप्प बसले असते.

आता माझ्या घरचं. १९९४ च्या मार्चमध्ये माझ्या आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर घेऊन सांगितलं, चार-पाच महिने. भाऊ म्हणाला, आईला सांगायचं नाही. मी ऐकलं. आईने त्या मे महिन्यात नेहमीसारखे रातांबे फोडले. साल वेगळी, बी वेगळी, रसात मीठ घालून सालं बुडवायची आणि खळ्यात वाळत घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. आमसुलांना अशी पुटं द्यावी लागतात. दोन बरण्या भरल्या आणि म्हणाली, यंदाची नाही काढायची, पुढच्या वर्षी मुरतील. ऑगस्टमध्ये ती गेली.

भाऊ आजही म्हणतो, तो तिचा सगळ्यात सुखाचा मे होता, आपण तिला तो दिला. त्याचं चूक आहे असं मी कधी म्हणू शकले नाही. ती खळ्यात हसत होती, मी पाहिलंय. पण तिला एकदा आचऱ्याला, माहेरच्या घरी जायचं होतं. एप्रिलमध्ये म्हणाली होती आणि मी म्हटलं, ‘बरं वाटू दे, दिवाळीनंतर जाऊ.’ दिवाळी नाही हे मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. भावाचं आणि माझं यावर एकमत झालेलं नाही. बरण्या त्याच्याकडे आहेत.

म्हणून मी तुमच्या घरात एक फरक करते. न सांगणं वेगळं आणि खोटं रचणं वेगळं. मनुस्मृतीत एक श्लोक आहे. त्या ग्रंथातलं पुष्कळ मला अजिबात मान्य नाही, पण हा श्लोक मी सोडत नाही : ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम् । प्रियं च नानृतं ब्रूयात्…’ अप्रिय खरं बोलू नये, तसंच प्रिय वाटणारं खोटंही बोलू नये. जानेवारीत तुम्ही पहिल्या अर्ध्यात होतात. आखातातली नोकरी निघाली तेव्हा दुसऱ्या अर्ध्यात गेलात. गप्प राहायला एक माणूस पुरतो. रचलेलं टिकवायला सगळं घर लागतं. शेजारी, दुधवाला, सोड्यांच्या डब्याला ‘हो’ म्हणणारी तुम्ही, आणि बाप गेलेलं ते पोर, ज्याला आजीसमोर बाबांचं नाव काढायची चोरी.

आणि तुमच्या जाऊबाई. यजमान विचारतात, आईला मारायचंय का. त्यांना विचारा, जाऊबाईने कुठे रडायचं? मंगळसूत्र घालायचं की काढायचं हा तिचा प्रश्न आहे, नवरा गेल्यावरही घालणाऱ्या बायका आहेत आणि मला ते योग्य वाटतं. पण नवरा जिवंत आहे असं दाखवायला घालायला लावणं ही तिच्यावर सक्ती झाली. कौशिकाच्या गोष्टीत खोटं बोलून कुणाचा तरी जीव वाचणार होता आणि किंमत कौशिकाने एकट्याने द्यायची होती. तुमच्याकडे खोटं ठरवलं थोरल्या मुलाने आणि किंमत देतेय धाकटी सून. मला इथे दोन्ही पारडी सारखी दिसत नाहीत.

सासूबाईंचाही हक्क आहे. पोटच्या पोरासाठी रडायचा, त्याच्या नावाने पान मांडायचा. ‘धक्का सोसणार नाही’ हे डॉक्टर जानेवारीत म्हणाले. आता परत विचारायला हवं.

तर असं करा. गणपतीच्या आधी सांगा. गणपतीत नको, घर माणसांनी भरलेलं असताना तिला एकटीला रडता येणार नाही. आधी यजमानांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘सांगू का’ असं विचारू नका. ‘सांगणार आहोत, कसं सांगू, कोणती गोळी जवळ ठेवू, तुम्ही त्या दिवशी याल का’ असं विचारा. सकाळी सांगा, रात्री नको. दुपारचं जेवण झाल्यावर तर नकोच. जाऊबाईला दोन दिवस आधी बोलावून घ्या आणि तिला विचारा, खोलीत असायचं आहे का. सांगायचं यजमानांनीच. त्यांनी सुरुवात ‘आई, तो आजारी आहे’ अशी करू नये, म्हणजे पुन्हा एक खोटं आणि मग दुसरं. ‘आई, आम्ही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली’ इथून सुरू करावं. ती रागावेल. कदाचित तुमच्यावर जास्त रागावेल, कारण तुम्ही रोज तिच्यासमोर असता. तो राग खाली मान घालून ऐका, त्याला उत्तर देऊ नका.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांची बाजू मी चुकीची मांडली असेल तर त्यांनी शब्द खोडावा आणि मला कळवावं.

सोड्यांचा डबा पोराला द्या. आजीने स्वतःच्या हाताने दिला तर बरं.